मदत हवी आहे : संत्र्याला आंबटढाण फळं, झाड तोडायचं का?

विभावरी_मनीषनगर :
अंगणातल्या संत्र्याला पहिल्यांदाच फळं लागली, पण तोंडात धरवत नाहीत. साल जाड, खडबडीत. घरचे म्हणून राहिले तोडून टाक. लेकरासारखं वाढवलंय जी मी ते. गोडी यायला काय टाकू? लवकर सांगा, रविवारी तोडणारा येणार आहे.

काटोलची_बाग :
बहार कोणता, आंबिया (हिवाळ्याअखेरच्या फुलांचा) की मृग (पावसाळ्यातल्या फुलांचा)? आंबिया ऑक्टोबरपासून निघतो, मृग फेब्रुवारी-मार्चात. त्याआधी तोडलं तर आंबट लागणारच. बहार यायला पाणी तोडून ताण दिला होता का?

विभावरी_मनीषनगर :
ताण-बिण माहीत नाही. रोज पाणी देते. फळं पिवळी होऊन गळून राहिली, कच्ची नाहीत.

परसबागवाला :
रोज पाणी? आधी ते थांबवा, डिंक्या लागेल, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, हा बोर्डो मलम खोडाला लावा.

काटोलची_बाग :
भाऊ, डिंक येतो असं त्या कुठं म्हणाल्या? ताई, रोप बियाचं की कलमाचं? काटे आहेत का?

विभावरी_मनीषनगर :
कलमाचं. काटे तर इतके की फळ तोडताना हात ओरबाडतो. हां, दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा पूर्ण वाळला होता. मग बुडातून जोमानं फुटलं.

काटोलची_बाग :
हेच आधी सांगायचं न ताई! कलम करताना संत्र्याचा डोळा (फांदीवरचा कोंब) जंबेरी या आंबट, काटेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर बांधतात. तुमचा डोळा मेला, खुंट वाढला. तुम्ही जंबेरी वाढवली. संत्र्याला एवढे काटे नसतात. पान चुरगाळून वास घ्या. जंबेरीच्या कळीवर जांभळी झाक असते, संत्र्याचं फूल पांढरंशुभ्र. कितीही खत टाका, गोडी येणार नाही.

माईंचं_स्वयंपाकघर :
या फळांचं लोणचं फार छान होतं. फोडी मिठात मुरू द्या, मग गूळ घाला.

परसबागवाला :
मग उपटा आणि नवीन कलम लावा. यात वेळ कशाला घालवायचा?

काटोलची_बाग :
उपटायचं कशाला? मुळं तयार आहेत. खोड छाटा, एक जोमदार फूट ठेवा, बाकी पानसोट, म्हणजे नुसत्या वाढणाऱ्या फुटी, काढत राहा. फूट पेन्सिलीएवढी जाड झाली की तिच्यावर डोळा बांधून घ्या. पुढे डोळ्याखालून काही फुटलं तर लगेच खुडायचं.

विभावरी_मनीषनगर :
आत्ताच पान चुरगाळलं. लिंबाचाच वास. रविवारच्या माणसाला नको म्हणून कळवलं. डोळा बांधणारा कुठे भेटेल? माई, गूळ किती घालायचा?