मदत हवी आहे: सँट्रो झिंग (२००९) घाटात मिसिंग मारते, गॅरेजवाले म्हणतात इंजिन काम करा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी सँट्रो झिंग, २००९ ची, पेट्रोल, १०८६ सीसी. एक लाख अठरा हजार किमी झालेत. चिपळूणला असतो. आईला दर आठवड्याला कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट चुकत नाही.

पावसाळा सुरू झाल्यापासून गाडी चढणीला गचके देते. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन अडखळतं, पिकअप जातो, पाय सैल सोडला की पुन्हा बरं चालतं. सपाटीला साठच्या वेगात काही जाणवत नाही. सकाळी पहिल्यांदा चालू केली की दहा-पंधरा मिनिटं थरथरते, मग शांत होते. अ‍ॅव्हरेज १६ वरून ११ वर आलंय. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, निळा धूर नाही. ऑइल कमी होत नाही.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, काही कोड आला नाही. तेव्हा ते म्हणाले, "कॉम्प्युटरला काही दिसत नाही, म्हणजे आतलं काम आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून करू, पस्तीस हजारांपर्यंत जाईल." दुसऱ्याने इंजेक्टर, कॉइल आणि फ्युएल पंप असं सगळं एकदम बदलायला सांगितलं. माझ्याकडे दिवाळीपर्यंत फार तर सहा हजार आहेत.

विकायचा सल्ला कृपया देऊ नका. गेल्याच वर्षी पाच हजार फी भरून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली आहे. सुरुवात कुठून करू?

एक_मत

ई-२०, ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल! दुसरं काय असणार. जुन्या गाड्यांची वाट लावलीय या पेट्रोलने. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचंही असंच झालं. पॉवर पेट्रोल भरून बघा.

माळावरची

पुराचं पाणी लागलं होतं का गाडीला? २०२१ च्या जुलैत चिपळुणात गाड्या बुडाल्या होत्या, त्यांच्या वायरिंगच्या जोडांत अजून हिरवट गंज सापडतो. तसं असेल तर आधी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि इंजिनच्या अर्थिंगचे जोड उघडून बघा.

वाशिष्ठीकाठ

@माळावरची, नाही. तेव्हा गाडी देवरुखला मामांकडे होती, नशीब.

@एक_मत, मलाही आधी तसंच वाटलं. पण दुसऱ्या पंपावरून भरलं तरी फरक नाही.

जुनाट_पाना

कोल्हापूरला तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता बंद केलंय. तुमचं वाचून पहिली गोष्ट सांगतो: हेडला हात लावू देऊ नका. रिंगा गेल्या असत्या तर ऑइल खाल्लं असतं, निळा धूर दिसला असता. तुमच्याकडे दोन्ही नाही. आणि रिंगांना पावसाळा-उन्हाळा कळत नाही. तुमची तक्रार पावसाबरोबर आली, दमट सकाळी वाढते आणि इंजिन तापलं की कमी होते. यावरून मला संशय प्लगला ठिणगी देणाऱ्या करंटचा आहे.

चढणीलाच का, तेही सांगतो. जोर लागतो तेव्हा थ्रॉटल उघडा असतो, सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो. दाबाखाली प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची केबल कुठे तडकलेली असेल, तर त्या करंटला प्लगपेक्षा तडीतून बाहेर पडून इंजिनच्या अंगाला जाणं सोपं पडतं. ओलावा असला की आणखीच सोपं. सपाटीला हलक्या पायाने चालवता तेव्हा दाब कमी, म्हणून ठिणगी प्लगवरच पडते आणि तुम्हाला काही कळत नाही.

आता दिव्याचं. आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड दाखवायची सोय) सक्तीचं झालं ते बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर, २०१० पासून. तुमची गाडी त्याआधीची आहे. तिच्या कॉम्प्युटरने मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) पकडलं नाही म्हणजे मिसिंग नाही, असा अर्थ काढायचा नसतो. "कोड नाही, म्हणजे आतलं काम" हे त्या गॅरेजवाल्याचं लॉजिक ऐकून हसावं की रडावं कळेना.

पैसे न घालता करायचं काम असं. सकाळी गाडी थरथरत असताना, तापायच्या आत, एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढा आणि परत लावा. ज्याचं काढल्यावर रेस आणखी पडते, तो सिलिंडर काम करतोय. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. चालू इंजिनवर प्लगची केबल ओढायची जुनी सवय असते लोकांना. ती करू नका, झटका बसतो आणि कॉइलही जाते. फॅन आणि बेल्टपासून बाही लांब ठेवा.

कोणता सिलिंडर ते कळवा, मग पुढचं.

मीटर_बघा

पाना काकांशी सहमत. एक भर घालतो. या इंजिनला डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) नाही, करंट तयार करणाऱ्या दोन कॉइल आहेत. एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला एकाच वेळी करंट देते. त्यामुळे एकच सिलिंडर मेलेला निघाला तर कॉइलवर लगेच पैसे घालू नका. कॉइल गेली तर सहसा जोडी लंगडी पडते.

आणि ई-२० बद्दल: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं तर एकूण घट सहा-सात टक्के. १६ चं १५ होईल, ११ नाही होणार. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलबद्दल काळजी रास्त आहे, ती वेगळी. पण पेट्रोलचा दोष चारही सिलिंडरना सारखा लागतो. एकच सिलिंडर अडखळत असेल तर पंपाला शिव्या देऊन उपयोग नाही.

एक_मत

तुम्ही लोक कंपन्यांची बाजू घेता. असो.

पुणेरी_सल्ला

सहा हजारांत एवढी डोकेफोड करण्यापेक्षा एखादी नवी सेकंडहँड घ्या की.

वाशिष्ठीकाठ

@पुणेरी_सल्ला, तुम्ही देताय का पैसे? :) 

पाना काका, सकाळी केलं तुम्ही सांगितलं तसं. १, २ आणि ४ चं सॉकेट काढल्यावर गाडी बंद पडायला येते. ३ चं काढलं तर काहीच नाही. गाडी तापल्यावर पुन्हा केलं, तेव्हा मात्र ३ चं काढल्यावरही रेस पडली.

जुनाट_पाना

छान. म्हणजे तिसरा ओलसर असताना मरतो आणि तापून सुकला की जागा होतो. इंजेक्टर आणि पंपाचा खर्च सध्या खिशातच ठेवा.

आता इंजिन थंड असताना २ आणि ३ चे प्लग काढा. काढायच्या आधी भोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर आत पडते. दोन्हींची तोंडं बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. तेलकट ओलं असेल तर ऑइल वर येतंय. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन जास्त तापतंय. बघून झालं की दोघांची अदलाबदल करा, बाकी काही हलवू नका. पुढच्या ओल्या सकाळी सॉकेटची परीक्षा पुन्हा. मिसिंग दुसऱ्यावर गेलं तर प्लग दोषी. तिसऱ्यावरच राहिलं तर प्लग जागच्या जागी ठेवून त्या दोघांच्या केबली आपसांत बदला. एकाच कॉइलच्या आहेत, चालतं. लांबी पुरते का तेवढं बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पार्टवाल्याचं भलं होतं.

प्लग बसवताना पहिले काही आटे हातानेच फिरवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर मग खरंच हेड उतरवावं लागेल.

माळावरची

रात्रीचा प्रयोगही करा. अंधारात बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून, कुंडीला पाणी मारायच्या स्प्रेने केबलींवर अगदी हलका फवारा. करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. हात लावायचा नाही, अर्थातच. आमच्या शेजारच्या रिक्षावाल्यांनी हे मला दाखवलं होतं. हजार रुपयांच्या स्कॅनरने नाही सापडलं ते त्यात सापडलं.

वाशिष्ठीकाठ

मधे पाऊस थांबला होता म्हणून उशीर झाला. (पाऊस हवाहवासा वाटण्याची चिपळूणकराची ही पहिलीच वेळ असावी.)

तिसऱ्याचा प्लग कोरडा काळा होता, बाकीचे तपकिरी. अदलाबदल करूनही मिसिंग तिसऱ्यावरच. मग केबली बदलल्या. मिसिंग दुसऱ्यावर गेलं!

रात्री स्प्रे मारला. त्या केबलीच्या टोपणाजवळ, जिथे ती वाकते तिथून, हेडकडे ठिणगी उडताना बायकोनेही पाहिली. उजेडात बघितलं तर रबराला केसाएवढी बारीक चीर आहे. बोटाने वाकवल्याशिवाय दिसत नाही.

आता एकच केबल घेऊ की पूर्ण सेट?

जुनाट_पाना

सेट. चारही एकाच वयाच्या आहेत, बाकीच्या पुढच्या पावसाळ्यात तोच तमाशा करतील. चारही प्लग नवे. चांगल्या कंपनीचे, पण महागड्या इरिडियमच्या नादी लागू नका, साधेच घ्या. नंबर गाडीच्या पुस्तिकेत असतो, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. केबली घेताना "लोकल चालेल ना?" असं विचारतील. नाही चालणार म्हणा. त्याच रबराने तुम्हाला इथवर आणलंय.

आणि मिसिंग असताना घाटात फार ताणू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो गेला तर तुमच्या सहा हजारांत बसणार नाही.

मीटर_बघा

उरलेल्या पैशांतून एकदा कॉम्प्रेशन तपासून घ्या. कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये गेज असतो, काही शेकड्यांत होतं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज असलेली. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर आकडा खोटा कमी येतो आणि मग "बघा, रिंगा गेल्या" म्हणायला मोकळे. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघायचा. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

पांढऱ्या वाफेचं: पावसाळ्यात सकाळी ती येतेच. गाडी तापल्यावरही येत राहिली आणि कूलंट कमी होत असेल, तरच घाबरायचं. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार असतानाच उघडा. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस जमतोय का तेही बघा. थोडासा असेल तर छोट्या फेऱ्यांमुळेही जमतो. डिपस्टिकवरच तसं ऑइल दिसलं तर मात्र गाडी तिथेच बंद.

वाशिष्ठीकाठ

हिशोब देतो, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून.

केबलींचा सेट साडेनऊशे, चार प्लग पाचशे वीस. बसवायचं काम मीच केलं. कॉम्प्रेशन एका तिसऱ्याच गॅरेजमध्ये तपासलं, तीनशे घेतले: १६५, १६०, १५८, १६५ पीएसआय. तो मिस्त्री म्हणाला, "या इंजिनचं हेड कोण उतरवायला सांगतंय?" मी नाव सांगितलं नाही. एअर फिल्टर फार मळला होता, तोही बदलला, दोनशे ऐंशी. त्यानेच थ्रॉटल बॉडी साफ करून दिली, चारशे. त्यानंतर सिग्नलला रेस वरखाली व्हायची तीही थांबली. एकूण दोन हजार चारशे पन्नास.

काल मुसळधार पावसात कुंभार्ली चढलो, आई सोबत होती. तिसऱ्या गिअरमध्ये एकही गचका नाही. अ‍ॅव्हरेज अजून टाकी टू टाकी मोजायचंय. कूलंटची पातळी आहे तिथेच आहे.

@एक_मत, पेट्रोल तेच आहे हो.

एक_मत

बरं झालं काम झालं ते. अ‍ॅव्हरेज १५ च्या वर गेलं तर सांगा, मी माघार घेतो.

जुनाट_पाना

साडेतीन हजार उरलेत ना? टायमिंग बेल्ट कधी बदललाय?

वाशिष्ठीकाठ

वडिलांच्या काळातली सर्व्हिसची बिलं शोधली. बेल्टचा उल्लेख कुठेच नाही. बदलला असेल तर माहीत नाही.

जुनाट_पाना

मग नाही बदलला असंच धरा. एक लाख अठरा हजार आणि सोळा वर्षं, दोन्ही हिशोबांनी तो उतरायला हवा. रबर नुसतं उभं राहूनही मरतं. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, आणि मग ते पस्तीस हजारांचं कोटेशन खरं होईल. बेल्ट आणि टेन्शनर बेअरिंग दोन्ही एकदम घ्या, नुसता बेल्ट नको. हे काम मात्र घरी करू नका, टायमिंगच्या खुणा एक दात चुकल्या तरी गाडी धड चालत नाही. ज्याने कॉम्प्रेशन नीट मोजून दिलं त्याच मिस्त्रीकडे द्या. जुना बेल्ट परत मागून घ्या आणि नव्याच्या बिलावर किलोमीटर लिहून घ्या.

वाशिष्ठीकाठ

गणपतीआधी करून घेतो. आत्ताच फोन केला, तो म्हणतोय बेल्ट आणि बेअरिंग मिळून मजुरीसकट तीन हजारांत बसवतो. शनिवारी गाडी टाकतोय.