जॉन वुडनची १० टायटलं: कोच मोठा की काळ सोयीचा?

खेळिया:
कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की जॉन वुडन यांचे आकडे सगळे धडाधड म्हणून दाखवतात. यूसीएलएला (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) १२ सीझनमध्ये १० एनसीएए (अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) टायटलं, त्यातली ७ सलग (१९६७ ते १९७३), लागोपाठ ८८ मॅचेस विजय, चार सीझन ३०-० (एकही हार नाही). सगळं खरंय. पण मला विचाराल तर त्यांचं मोठेपण त्याच्या आधीच्या काळात आहे. १९४८ ला ते यूसीएलएला आले आणि पहिलं टायटल मिळालं १९६४ ला, म्हणजे मधले १५ सीझन राष्ट्रीय टायटल नाही. प्रॅक्टिस तिसऱ्या मजल्यावरच्या जुनाट जिममध्ये, बाजूला जिमनॅस्ट आणि कुस्तीवाले, आणि फरशीवरची धूळ कोच स्वतः झाडणार. आज इतकी वर्षं कुठलं कॉलेज थांबेल? तीन वर्षांत नारळ देतात. माझ्या मते कॉलेजच्या खेळात त्यांच्या तोडीचा कोच झाला नाही. तुम्हाला काय वाटतं?

आडवाट:
असहमत, आणि जोरात असहमत. त्या काळात (१९७५ सोडलं तर) टायटलला फक्त ४ मॅचेस जिंकाव्या लागायच्या, आता ६ लागतात. स्पर्धेत टीम २२ ते २५, आज ६८. वर टीम आपापल्या भागातच खेळायच्या, म्हणजे यूसीएलएला सेमीफायनलपर्यंत पश्चिमेकडचेच प्रतिस्पर्धी, पूर्वेकडच्या तगड्या टीम तोवर एकमेकींना बाद करून बसलेल्या. आणि हाताशी कोण, तर आधी ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) आणि नंतर बिल वॉल्टन. असे सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) मिळाले की कोणीही जिंकेल.

झेलम:
@आडवाट, कोणीही कसं जिंकेल? मोजून बघा. अल्सिंडरबरोबर ३ टायटलं (६७, ६८, ६९), वॉल्टनबरोबर २ (७२, ७३). उरलेली ५ या दोघांशिवाय आलीत. ६४ च्या टीमच्या स्टार्टिंग पाचात साडेसहा फुटी एकही नव्हता, हॅझर्ड आणि गुडरिच हे गार्ड आणि तो झोन प्रेस (समोरच्या टीमला कोर्टभर दाबून धरायचा बचाव), समोरच्याला बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे नेता येईना, फायनलला ड्यूकला ९८-८३ ने लोळवलं. (प्रेसचं श्रेय असिस्टंट जेरी नॉर्मनलाही द्या, आग्रह त्याचा होता.)
आणि ४ मॅचेसचं म्हणाल तर तेव्हा एका कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या लीगमधून) एकच टीम जायची. १९७१ ला त्याच लीगमधली यूएससी २४-२ होती, दोन्ही हार यूसीएलएकडून, तरी ती टीम घरी बसली. १९६६ ला खुद्द यूसीएलए घरी बसली. आज लीगमध्ये पाचवा आलात तरी मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत सगळं सुधारता येतं, तेव्हा ती सोय नव्हती.

आडवाट:
ठीक, यूएससीचा मुद्दा मान्य. पण सॅम गिल्बर्टबद्दल इथे कुणीच का बोलत नाही? लॉस एंजेलिसचा पैसेवाला काँट्रॅक्टर, साठच्या दशकाच्या शेवटापासून खेळाडूंचा 'गॉडफादर'. नियमात न बसणाऱ्या सवलती, कपडे, गाड्या, सगळं त्याच्यामार्फत. पुढे लॉस एंजेलिस टाइम्सने सगळं बाहेर काढलं, १९८१ ला एनसीएएने यूसीएलएला शिक्षा केली, १९८० चं उपविजेतेपद काढून घेतलं. वुडन तोवर रिटायर झालेला, त्याच्या टायटलांना हात लागला नाही. जो कोच मोजे सुरकुती न पडता कसे घालायचे हे शिकवतो, केस किती लांब ठेवायचे हे ठरवतो, त्याला पोरांच्या अंगावरचा नवा कोट दिसत नाही? मला पटत नाही.

रिबाउंड_ताई:
मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, म्हणून टायटलं बाजूला ठेवून प्रॅक्टिसबद्दल लिहिते. १९७४-७५ ला, त्यांच्या शेवटच्या सीझनला, थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ यूसीएलएच्या प्रॅक्टिसला जाऊन बसले आणि वुडन काय काय बोलतात ते नोंदवत गेले. २३२६ नोंदी. त्यातल्या तीनचतुर्थांश म्हणजे नुसती माहिती: पाय असा ठेव, पास छातीशी दे, आता कट मार. कौतुक ७ टक्क्यांच्या आत आणि रागावणंही तेवढंच. आपल्याकडे कोर्टच्या बाजूला उभं राहिलं की काय ऐकू येतं? "अगं धाव ना", "लक्ष कुठंय तुझं", "शाब्बास". यातून मुलीला कळतच नाही की पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचंय. वुडन चुकलेली हालचाल करून दाखवायचे, आधी बरोबर, मग तू केलीस तशी, मग परत बरोबर, पाचेक सेकंदांत संपलं. रोजच्या दोन तासांचं मिनिटामिनिटाचं टिपण कार्डावर. बास्केट पडली की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं हा नियम तर मी जसाच्या तसा उचललाय आणि त्याने टीममधली भांडणं खरंच कमी झालीत. गिल्बर्टने यातलं काहीही विकत घेतलेलं नाही.

मधलीसुट्टी:
चर्चा पुरुषांपुरतीच का? पॅट समिट बावीसाव्या वर्षी टेनेसीची हेड कोच झाली, टीमची व्हॅन स्वतः चालवायची, पुढे ८ टायटलं आणि पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी ग्रॅज्युएट. ८८ चा विक्रमसुद्धा २०१० ला कनेक्टिकटच्या मुलींनी मोडला, जीनो ऑरिएम्माच्या टीमने. 'तोडीचा कोच झाला नाही' हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

खेळिया:
@मधलीसुट्टी, समिट माझ्याही यादीत वरच आहेत.
@आडवाट, वुडन कसे होते हे बघायचं तर १९४७ बघा. तेव्हा ते इंडियाना स्टेटला होते, टीमला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण काळ्या खेळाडूंना बंदी. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, फार खेळणाराही नव्हे. वुडननी आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर खेळला, टीम फायनलपर्यंत गेली. तेव्हा कोच म्हणून वुडन हे नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं, घालवायला मात्र सगळं करिअर होतं.

आडवाट:
वॉकरचं ऐकून आदर वाढला, पण माझा मुद्दा आणखी पक्का झाला. बेंचवरच्या एका पोरासाठी अख्खी स्पर्धा सोडणारा माणूस वीस वर्षांनी गिल्बर्टला दारातून बाहेर काढू शकला असता. तेव्हा जमलं, मग ७ सलग टायटलं चालू असताना का नाही जमलं?

झेलम:
काढायला हवं होतं, यात दुमत नाही. पण गिल्बर्टच्या दाराशी गर्दी का व्हायची तेही बघा ना. यूसीएलएचं पॉली पॅव्हेलियन भरभरून वाहायचं, मॅचेस टीव्हीवर, आणि खेळणाऱ्याला स्कॉलरशिपपलीकडे दमडी नाही. अल्सिंडरच्या मनात तर कॉलेज बदलण्याचे विचार येऊन गेले होते. आज तेच पैसे उघडपणे करार करून मिळतात. नियम एनसीएएचा होता, तो पोरांच्या पोटावर पाय देणारा होता, आणि त्याचा सगळा हिशोब एकट्या वुडनच्या नावावर मांडणं मला तरी चुकीचं वाटतं. ६४ आणि ६५ ची दोन टायटलं तर गिल्बर्ट यायच्या आधीची आहेत, त्यांचं काय करायचं ते सांगा.