निःस्वार्थ माया, की गृहीत धरलेली बाई?

शाईचा डाग (धागा): आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी शाळेत होते. सहा वर्षं आईने तिचं सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री आई कॉटला टेकून जमिनीवर झोपायची, एक हात वर आजीच्या गादीवर ठेवून. आजी जरा हलली की तिला जाग यायची. परवा मैत्रिणींमध्ये हे सांगितलं, तर एक पटकन म्हणाली, "शोषण आहे हे, दुसरं काय!" मला ते फार लागलं. मी स्वतःला स्त्रीवादी मानते. माझी नोकरी, माझे निर्णय, हे त्या चळवळीचंच देणं आहे. पण आईच्या त्या हाताला आपल्याकडे दुसरा शब्दच नाही का?

दुपारचं ऊन: मैत्रीण कठोर बोलली, चुकीचं नाही बोलली. त्या सहा वर्षांत तुझे बाबा कुठे झोपायचे? माया निःस्वार्थ आहे का ते नंतर बघू, आधी ती कोणाकडून मागितली जाते ते बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनपगारी सेवा-संगोपनाचे ७६.२ टक्के तास बायका भरतात. स्वभावच तसा, म्हणून सोडून द्यायचं का हे?

शेवटचा बाक: हिशेब मांडला की माया आटते. तान्हं बाळ रात्री रडलं की उठणारी आई "आज पाळी कोणाची" म्हणत नाही.

दुपारचं ऊन: म्हणत नाही, कारण दुसऱ्या कोणाची पाळी कधी नसतेच.

काठावरचा: मी पुरुष आहे. वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत नोकरी सोडून घरी बसलो. भेटेल तो मला श्रावणबाळ म्हणायचा. माझ्या जागी बहीण असती तर कोणी अवाक्षर काढलं नसतं, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. वडिलांची दाढी करताना ते गाल फुगवून धरायचे, लहानपणी मी आरशात त्यांना तसंच करताना बघायचो. ती दोन वर्षं 'वाया गेली' असं ऑफिसातल्या बायकाही म्हणाल्या, त्याचं वाईट वाटलं. पगार आणि पद यांवरच माणूस मोजायचा असेल तर ती पुरुषांचीच जुनी फूटपट्टी झाली. बायकांनी ती का उचलावी?

दुपारचं ऊन: हे मान्य. पण सगळा स्त्रीवाद तसा नाही हो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्येच संगोपनाला नैतिक विचाराचा दर्जा दिला. मात्र काळजी घेणाऱ्याने स्वतःलाही त्या काळजीत धरावं, हेही त्यांनीच मांडलं. आणि आइसलँड बघा. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस घरचं, बाहेरचं सगळं काम थांबवलं. बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. त्या बायकांची मुलांवर माया नव्हती असं कोण म्हणेल? 'निःस्वार्थ' या शब्दाचीच मला भीती वाटते. त्यात बाईला स्वतःसाठी काही मागायची सोयच उरत नाही.

शाईचा डाग: बाबा आतल्या खोलीत झोपायचे. हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता, याची लाज वाटते. काल आईला फोन केला. म्हटलं, तुला कोणी विचारलं होतं का? म्हणाली, "विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी केलंच असतं, त्यांचा माझ्यावर जीव होता." मग जरा थांबून म्हणाली, "आठवड्यातली एक रात्र कोणी घेतली असती, तर बरं झालं असतं."

तिच्या करण्याला शोषण म्हणायला मी अजूनही तयार नाही. पण ती एक रात्र मीसुद्धा घेतली नव्हती. शेवटच्या वर्षी मी सतरा वर्षांची होते.