उत्तर: रोहूचं मिल्ट फ्रीजमध्ये ठेवताना
रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या मिल्टने, म्हणजे नर माशाच्या वीर्याने, रोहूची अंडी फलित झाली नाहीत, असा प्रश्न आलाय. माझा संशय थंडीवर नाही, पाण्यावर आहे. मिल्टमध्ये शुक्राणू निश्चल असतात. गोडं पाणी लागलं की पळत सुटतात आणि मिनिटभरात दमतात. मिल्ट काढायला नराचं पोट दाबताना लघवी मिसळली तरी नासाडीच. म्हणून पोट आधी कोरडं पुसा, पहिले थेंब सोडून द्या, सिरिंजही कोरडी हवी. शिवाय बाटली गच्च भरून बूच लावू नका, शुक्राणूंना ऑक्सिजन लागतो. पातळ थर, साधारण ४ अंश सेल्सिअस. गोठू मात्र द्यायचं नाही. वापरण्याआधी थेंबभर मिल्टात पाणी घालून सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल बघाच. वर्षभर टिकवायचं तर गोठताना पेशींना जपणारं डीएमएसओसारखं द्रव्य आणि उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो. घरच्या फ्रीजरचं ते काम नव्हे.