मदत हवी आहे: विगमधून पाकळ्या पडण्याची युक्ती कशी जमवायची?

'रुपॉल्स ड्रॅग रेस' या अमेरिकी टीव्ही स्पर्धेच्या (ड्रॅग म्हणजे झगमगीत वेश, बहुतेकदा स्त्रीवेश, करून सादरीकरण) नवव्या सीझनचा, 2017 सालचा शेवटचा भाग पाहिलेला कोणी आहे का इथे? साशा व्हेलूर विरुद्ध शे कुले या दोन स्पर्धकांचा सामना, व्हिटनी ह्यूस्टनच्या गाण्यावर नुसते ओठ हलवत. त्यात साशा आधी हातमोज्यांतून गुलाबाच्या पाकळ्या सांडते आणि मग विग उचलते, तर डोक्यावरून पाकळ्यांचा अक्षरशः पाऊस! मी तो तुकडा वीसेक वेळा तरी पाहिलाय. (घरचे वैतागलेत, पण असो.)

मला स्टेजवर तसंच करायचंय आणि सगळी गंमत विगपाशीच येऊन फसतेय. पाकळ्या सैल भरल्या की मान हलवताच दोन-चार आधीच कपाळावर येतात, म्हणजे गुपित फुटलंच. घट्ट दाबल्या तर विग काढल्यावर सगळा गोळा एकदम धप्पकन खाली. साशाचं डोकं तुळतुळीत, माझे केस दाट. त्यामुळेही जागा कमी पडत असेल का?

खऱ्या पाकळ्या घामाने चिकटतात. मग कापडी घेऊ का? त्या हलक्या, पण तशा भिरभिरत पडतील असं वाटत नाही. आणि विग पिनांनी बसवला तर एका झटक्यात निघणार कसा? नाटकात किंवा नाचात असं काही केलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा.