हॉट फ्लॅशला मराठीत काय म्हणायचं? झळ, वाफ की कढ?

बाबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत (नाव हार्मोन थेरपी, काम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनच बंद पाडायचं, हा वेगळाच गोंधळ). सोबतच्या माहितीपत्रकात 'उष्ण झळा' असं छापलंय ते मला खुपतंय. झळ बाहेरून लागते हो, उन्हाची, चुलीची, अगदी महागाईचीसुद्धा. इथे पंखा चालू असतो, खोली गार, आणि छातीतून वर मानेपर्यंत काहीतरी चढत जातं, कान लाल, सदरा ओला, दोन-चार मिनिटांत ओसरतं आणि मग हेच शाल मागतात. बाबा म्हणतात 'वाफ आली'. चालेल का?

—

चालेल काय, तोच शब्द आहे! पाळी जायच्या वयातल्या बायका 'गरम वाफा येतात' असंच तर म्हणतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) सुरू झाल्यापासून मीपण तेच म्हणते. काहिली नको, ती दिवसभर असते, ही येते आणि जाते. आणि 'ताप' तर अजिबातच नको. किमो चालू असताना मी फोनवर 'अंग तापतंय' बोलून बसले, पलीकडे एकदम धावपळ, कारण तेव्हा ताप म्हणजे इन्फेक्शनची भीती. थर्मामीटर नॉर्मल! मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हार्मोन घटले की जरा जास्तच हळवं होतं, एवढ्याशा फरकाला घाम काढून मोकळं.

—

मला 'कढ' आवडतो. आतून येतो, अनावर असतो, ओसरतो पण. सगळं बसतंय.

—

बसतंय खरं, पण नर्सला 'कढ आला' सांगितलं तर ती डोळे पुसायला रुमाल आणेल 😄 शब्द कुठलाही घ्या, दिवसातून किती वेळा आणि झोप मोडते का हे मात्र डॉक्टरांना सांगा, यावर औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन देतात, ती डिप्रेशनची गोळी म्हणून दचकू नका. पॅरॉक्सेटीन मात्र टॅमॉक्सिफेनवाल्यांनी टाळायची, तिच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतं.

—

बाबांना सगळं वाचून दाखवलं. 'कढ' ऐकून म्हणाले, मी काय रडतोय का. आता रात्री उशाशी एक कोरडा सुती सदरा घेऊन झोपतात, त्याचं घरात नाव पडलंय 'वाफेचा सदरा'.