मदत हवी आहे: मिश्र बायोफिल्ममधला स्टॅफ मरतोय की लपतोय?

स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) या दोन जिवाणूंची एकत्र बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा थर) 96 वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटमध्ये वाढवतोय. ट्रिप्टिक सोय ब्रॉथ, 37 अंश, न हलवता. सहा तासांपर्यंत दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. 24 तासांनी वेल खरवडून, व्होर्टेक्स करून मॅनिटॉल सॉल्ट अगारवर (स्टॅफ ओळखायचं 7.5 टक्के मिठाचं माध्यम) पसरवलं, की स्टॅफची एकही पिवळी कॉलनी नाही. वेलमधलं माध्यम मात्र स्यूडोमोनासच्या रंगाने हिरवंगार.

बायोफिल्म रंगवून मोजायचं क्रिस्टल व्हायोलेट कृपया सुचवू नका. ते सरसकट सगळं जांभळं करतं, कोण किती ते कळत नाही. सुरुवातीचं प्रमाण 1:1 वरून स्टॅफच्या बाजूने 10:1 करून पाहिलं, काही फरक नाही. एकेकटे दोन्ही छान वाढतात, त्यामुळे स्ट्रेनमध्ये खोट नसावी.

स्यूडोमोनासने सोडलेलं एचक्यूएनओ हे रसायन स्टॅफची श्वसनसाखळी अडवतं, आणि मग काही स्टॅफ अगदी बारीक, सावकाश वाढणाऱ्या कॉलन्यांच्या रूपात तग धरतात, एवढं माहीत आहे. अशा अर्धमेल्या पेशी 7.5 टक्के मिठात एका दिवसात दिसतील ही अपेक्षाच चुकीची होती का? मी प्लेटा दुसऱ्याच दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये घालत होतो (घाई नडली बहुतेक).

कॉन्फोकल मायक्रोस्कोप नाही, चमकणारे स्ट्रेनही नाहीत. जे काही करायचं ते कॉलन्या मोजूनच. तर स्यूडोमोनासला दाबून या बारीक कॉलन्याही वर येतील असं कोणतं माध्यम तुम्ही वापरता, आणि प्लेटा किती तास ठेवता?